दर्या आणि दऱ्या : एका संगणकाचे घर बदलताना

वाणगाव स्टेशनाजवळच्या एका गाळ्यात १९९८ ते २०११ अशी तेरा वर्षे मी मराठी अक्षरजुळणीचे काम केले. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, मिरचीच्या व्यापाऱ्यांची बिलबुके, शाळांच्या स्मरणिका, क्वचित एखादा कवितासंग्रह. त्याच काळात आश्रमशाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी पाच वह्या घेऊन दुकानात आले. स्वतः वारली. वह्यांत त्यांनी आपल्या बोलीतले शब्द टिपले होते. शेतीचे, माशांचे, रानातल्या कंदांचे, तारपा बनवण्याच्या कामातले, कणसरीच्या कथेतले, लग्नात धवलेरी जी गाणी म्हणते त्यांतले. प्रत्येक शब्दापुढे अर्थ मराठीत. दोन पावसाळे बसून मी ते जुळवले. पुस्तक मात्र निघाले नाही. छपाईचे पैसे जमता जमता गुरुजी गेले, आणि वह्या वाळवीने खाल्ल्या.

दोन वर्षांपूर्वी त्यांची नात दारात येऊन उभी राहिली. ‘काका, आजोबांचे शब्द तुमच्या कॉम्प्युटरात आहेत ना?’

मी ‘आहेत’ म्हणालो. ते खोटे नव्हते; पण आहेत आणि वाचता येतात या दोन गोष्टींत किती अंतर असते ते मला पुढच्या चार महिन्यांत कळले. त्या अंतराविषयी हा लेख आहे. तो संगणकाबद्दल असला तरी १९९० ते २००५ या काळात ज्यांनी ज्यांनी मराठीत काही लिहून, जुळवून, छापून ठेवले त्या सर्वांशी त्याचा संबंध आहे.

फाइलीत मावलेला संगणक

२०११ साली दुकानातला संगणक अखेरच्या घटका मोजू लागला. तेव्हा माझ्या भाच्याने त्याची सगळी हार्डडिस्क जशीच्या तशी एका मोठ्या फाइलीत उतरवून घेतली आणि ती फाइल माझ्या लॅपटॉपवर एका खिडकीत ‘चालू’ करून दाखवली. खिडकीत तेच विंडोज एक्सपी, तोच पेजमेकर, तेच मराठी फॉण्ट, डाव्या कोपऱ्यात तीच गिऱ्हाइकांच्या नावांची फोल्डरे. एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आपण आभासी संगणक म्हणू.

ही कल्पना नवी नाही. आयबीएमने १९७२ साली आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. तिच्यात एकाच यंत्रावर काम करणाऱ्या प्रत्येकाला स्वतंत्र यंत्र मिळाल्याचा भास होई. घरगुती संगणकांवर ही सोय १९९९च्या सुमारास आली. आज बँका, रुग्णालये, सरकारी खाती यांचे कितीतरी काम अशा आभासी संगणकांवर चालते. त्यांचा मोठा गुण म्हणजे ते उचलून नेता येतात. लॅपटॉप बदलला तर फाइल नव्या लॅपटॉपवर ठेवायची आणि काम पुढे चालू करायचे. मी बारा वर्षांत दोनदा तसे केले होते. तिसऱ्यांदा मुलाने नवा संगणक घेऊन दिला, मी फाइल त्यावर ठेवली, आणि पडद्यावर सूचना आली की हा आभासी संगणक या यंत्रावर चालणार नाही.

फाइल धडधाकट होती. बदलला होता तो प्रोसेसर.

१८४, ५, ०, ०, ०

प्रोसेसरला फक्त अंक कळतात. कोणत्या अंकाचा अर्थ कोणती आज्ञा, हे त्याच्या घडणीत ठरलेले असते. या घडणीला आर्किटेक्चर म्हणतात. माझे जुने तिन्ही संगणक एक्स८६ घडणीचे होते. हे घराणे इंटेलच्या १९७८ सालच्या ८०८६ या प्रोसेसरपासून सुरू झाले. नवा संगणक एआरएम घडणीचा होता. ही घडण इंग्लंडमधल्या एकॉर्न या कंपनीत तयार झाली आणि तिचा पहिला प्रोसेसर १९८५ साली चालू झाला. आपल्या बहुतेक मोबाइल फोनांत हेच घराणे नांदते. ॲपलने २०२० साली आपले संगणक एआरएमवर न्यायला सुरुवात केली आणि हा प्रश्न घरोघरी आला.

‘एका खणात पाच हा अंक ठेव’ ही अगदी साधी आज्ञा घेऊ. एक्स८६च्या भाषेत ती १८४, ५, ०, ०, ० अशा पाच अंकांनी लिहितात. आजच्या ६४ बिटी एआरएमच्या भाषेत तीच आज्ञा १६०, ०, १२८, ८२ अशी चार अंकांची होते. एआरएमची प्रत्येक आज्ञा चारच अंकांची; एक्स८६ची आज्ञा एका अंकापासून पंधरा अंकांपर्यंत कितीही लांब. आता माझ्या फाइलीतले १८४, ५, ०, ० हे चार अंक एआरएमपुढे ठेवले तर काय होईल? त्या घडणीत अशा आज्ञा मुद्दाम ‘अर्थ नसलेल्या’ म्हणून राखून ठेवल्या आहेत. प्रोसेसर तिथेच थांबतो. अंक तेच, पण वाचणारा बदलला आणि अर्थ गेला.

मग जुन्या लॅपटॉपवर खिडकीतला संगणक चालत कसा होता? इथे बहुतेकांची, माझीही, समजूत चुकलेली असते. आपल्याला वाटते की आभासी संगणक म्हणजे सगळाच्या सगळा नकली संगणक. तसे नसते. डिस्क नकली असते, पडदा नकली असतो, नेटवर्क नकली असते. प्रोसेसर मात्र खरा असतो. आतल्या विंडोजच्या बहुतेक आज्ञा थेट बाहेरच्या खऱ्या प्रोसेसरवर चालतात. मधला प्रोग्राम पहारेकऱ्यासारखा बसतो आणि आतला संगणक सगळ्या यंत्राचा ताबा घेऊ पाहील तेवढ्यापुरता त्याला अडवतो. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ साली आभासी संगणकाची जी व्याख्या मांडली तिच्यात ही अटच आहे. आज्ञांचा फार मोठा हिस्सा मध्यस्थाशिवाय थेट प्रोसेसरने पार पाडला पाहिजे. या व्याख्येने पाहिले तर एक्स८६चा आभासी संगणक एआरएमवर ‘हलवता’ येतच नाही. तिथे जे करता येते ते वेगळे काम आहे, आणि त्याला दुभाष्या लागतो.

दुभाष्याचे काम

घाटावरून बदली होऊन आलेले मास्तर आणि पहिलीत नुकतेच बसलेले वारली मूल यांच्यामध्ये तिसरी-चौथीतले एखादे पोर उभे राहून बोलणे इकडून तिकडे पोचवते, हे आमच्या भागात अनेकांनी पाहिले आहे. मास्तर मराठीत बोलतात, पोर वारलीत सांगते, मुलाचे उत्तर पुन्हा मराठीत येते. काम होते, पण वेळ लागतो. संगणकात या दुभाष्याला एम्युलेटर म्हणतात. फाब्रिस बेलार्ड या फ्रेंच प्रोग्रामरने २००३ साली क्यूएमू नावाचा एम्युलेटर खुला केला. आज वेगवेगळ्या नावांच्या सुटसुटीत प्रोग्रामांच्या आत बहुधा तोच असतो.

क्यूएमू एकेका आज्ञेचे भाषांतर करत बसत नाही. आज्ञांचा एक तुकडा उचलतो, नव्या प्रोसेसरच्या भाषेत उतरवतो आणि ते भाषांतर जवळ ठेवतो. तोच तुकडा पुन्हा आला की पुन्हा डोके चालवायचे नाही, ठेवलेले काढून द्यायचे. मास्तर रोज ‘वह्या काढा’ म्हणतात, तर दुभाष्याला ते रोज नव्याने समजून घ्यावे लागत नाही, तसे. तरीही मूळ वेग येत नाही. जुन्या लॅपटॉपवर माझे एक्सपी पाऊण मिनिटात उघडत असे. नव्या, कितीतरी वेगवान संगणकावर त्याला तीन मिनिटे लागतात. एक्सपी जुने आणि हलके असल्यामुळे हे खपते. आजची जड प्रणाली अशी चालवायला गेलात तर चहा पिऊन येण्याइतका वेळ प्रत्येक खिडकीला लागेल.

ॲपलकडेही रोझेटा नावाचा दुभाष्या आहे, विंडोजच्या एआरएम आवृत्तीतही एक आहे, आणि ते पुष्कळ चपळ आहेत. पण ते एकेका प्रोग्रामाचे भाषांतर करतात. अख्ख्या परक्या संगणकाचे, त्याच्या गाभ्यासकट, करत नाहीत. शिवाय डोंगल किंवा प्रिंटर चालवणारे जे छोटे प्रोग्राम गाभ्यात बसतात ते या दुभाष्यांच्या कक्षेबाहेर राहतात.

मूळ संहिता हाती असेल तर

यावर दुभाष्याशिवायचाही एक मार्ग आहे, आणि त्याचे उदाहरण पुण्यातच आहे. १९८८ साली स्थापन झालेल्या सीडॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा केला. तो इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्युटर नावाच्या प्रोसेसरांवर होता. पुढे ट्रान्सप्युटरचे घराणेच संपले. परम ९००० आणि परम १०००० स्पार्क प्रोसेसरांवर आले, परम पद्म आयबीएमच्या पॉवर४वर, आणि २००८चा परम युवा इंटेलच्या झिऑनवर. वीस वर्षांच्या आत चार घडणी.

असे स्थलांतर शक्य होते ते मूळ संहिता हाती असेल तरच. माणसाने फोर्ट्रान किंवा सी भाषेत लिहिलेली संहिता कोणत्याही एका प्रोसेसरची नसते. नव्या घडणीसाठी ती पुन्हा ‘कम्पाइल’ करायची, म्हणजे त्या प्रोसेसरच्या अंकांत नव्याने उतरवायची. तरी फट राहतेच. वरच्या उदाहरणात एक्स८६ने पाच हा अंक ५, ०, ०, ० असा लिहिला होता, म्हणजे लहान स्थान आधी. स्पार्क आणि पॉवर४ यांची रीत ०, ०, ०, ५ अशी, म्हणजे मोठे स्थान आधी. मराठी माणसाला हे चटकन समजावे. आपण २१ लिहिताना दोन आधी लिहितो, पण बोलताना ‘एकवीस’ म्हणजे एक आधी म्हणतो. एकाने लिहिलेली आकड्यांची फाइल दुसऱ्याने आपल्या रीतीने वाचली तर आकडे दिसतात, पण चुकीचे दिसतात. न दिसण्यापेक्षा हे वाईट.

माझ्याकडच्या पेजमेकरची किंवा फॉण्टच्या प्रोग्रामाची मूळ संहिता माझ्याकडे असण्याचा प्रश्नच नव्हता. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ची. म्हणजे मला दुभाष्याच गाठायचा होता.

चार अडथळे

पहिली चूक माझीच होती. जुना लॅपटॉप बिघडत चालला तेव्हा मी आतला संगणक नीट बंद न करता ‘झोपवून’ ठेवला होता. झोपवलेला संगणक म्हणजे मध्येच थांबलेले गणित. डिस्कवरच्या फाइलींबरोबर प्रोसेसरच्या मनातले हातचेही त्यात साठवलेले असतात. हे हातचे त्या घडणीच्या प्रोसेसरचे आणि त्या प्रोग्रामाचे. दुसऱ्या घरी त्यांचा उपयोग नाही. ते टाकून द्यावे लागले, आणि चालू संगणकाची वीज गेल्यावर होते तशी डिस्कची तपासणी आधी करावी लागली. सुदैवाने काही गेले नाही. घर बदलायचे ठरले की आतला संगणक पूर्ण बंद करावा, मागच्या स्थितींच्या नोंदी एकत्र करून घ्याव्यात, हा धडा.

दुसरे, मूळ फाइलीला हात लावायचा नाही. मी तिच्या दोन प्रती केल्या आणि प्रत्येकीचा गणिती ठसा काढून मूळ फाइलीच्या ठशाशी जुळवून पाहिला. एक अंक इकडचा तिकडे झाला तरी हा ठसा बदलतो. पुढचे सगळे प्रयोग प्रतीवर. डिस्कची फाइल एका प्रोग्रामाच्या पद्धतीतून दुसऱ्याच्या पद्धतीत बदलणे मात्र सोपे निघाले. क्यूएमूबरोबर त्यासाठी स्वतंत्र साधन येते, आणि आतल्या माहितीला ते धक्का लावत नाही.

तिसरा अडथळा निळ्या पडद्याचा. एक्सपी सुरू होता होता कोसळे आणि शेवटी ७बी असा क्रमांक दिसे. त्याचा अर्थ असा की विंडोजला आपलीच डिस्क सापडत नाही. एम्युलेटरने डिस्क नव्या पद्धतीच्या जोडणीवर लावली होती, आणि २००१ सालच्या एक्सपीला ती जोडणी ठाऊकच नव्हती. जुन्या आयडीई पद्धतीची जोडणी निवडली आणि तीन मिनिटांनी ओळखीचा हिरवा डोंगर पडद्यावर आला. मी अर्धा तास नुसता बघत बसलो. परवान्याची पडताळणी पुन्हा करा, अशी सूचना आली. यंत्र पुष्कळ बदलले की एक्सपी ती मागतेच. काही दिवसांची मुदत होती. तेवढ्यात मजकूर बाहेर काढणे भाग होते.

चौथा अडथळा कुलपाचा. त्या काळी मराठी फॉण्टच्या प्रोग्रामाबरोबर एक डोंगल मिळे. ते संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावले तरच प्रोग्राम चाले. तसले पोर्ट नव्या संगणकांवर उरलेले नाही, त्यामुळे नवीन मजकूर टाइप करणे अशक्य होते. पण फॉण्ट विंडोजमध्ये बसवलेले होते आणि पेजमेकर त्यांच्यातून जुनी पाने दाखवत होता. गुरुजींची पाने उघडली. पहिल्या पानावर त्यांच्या सूचनेवरून मी केलेली दुरुस्तीही तशीच होती.

दुसरी घडण

काम झाले असे मला वाटले, आणि इथेच खरा विषय सुरू झाला. पेजमेकरमधून मजकूर साध्या फाइलीत काढून नव्या संगणकावर उघडला तर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा खिचडा दिसला.

कारण तेच, वर सांगितलेले. १९९१ साली देवनागरीसह भारतीय लिप्यांसाठी इस्की हे भारतीय मानक ठरले होते, आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती देवनागरीसह आली होती. पण अक्षरजुळणीच्या धंद्यात अनेक वर्षे चालले ते वेगळेच. प्रत्येक कंपनीने इंग्रजी अक्षरांच्या अंकांवर आपल्या सोयीने देवनागरीचे आकार बसवले. एका फॉण्टमध्ये ज्या अंकाचा आकार ‘क’, त्याच अंकाचा दुसऱ्यात ‘म’. फाइलीत अंक राहतात, अर्थ फॉण्टमध्ये राहतो. प्रोसेसर बदलल्यावर जे आज्ञांचे झाले तेच फॉण्ट बदलल्यावर अक्षरांचे होते. म्हणजे मला एक नव्हे, दोन घडणी ओलांडायच्या होत्या. पहिलीसाठी जगभरच्या लोकांनी तयार केलेला दुभाष्या होता. दुसरीसाठी मिळाला तो अर्धवट.

ही रूपांतराची कोष्टके नुसता अंकामागे अंक बदलून भागत नाहीत. जुन्या फॉण्टमध्ये अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असत. ‘किती’ लिहिताना आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, आधी क, मग वेलांटी. ‘सर्व’ या शब्दात जुना रफार व नंतर येई. युनिकोडमध्ये र व्या अक्षराच्या आधी जातो. म्हणून रूपांतर करणाऱ्याला मराठी अक्षराची बांधणी कळावी लागते. ती कळण्यात सर्वांत जास्त घोटाळा झाला तो आपल्या खास मराठी ‘ऱ्य’चा. कोष्टकाला तो आकार ठाऊक नव्हता. त्याने सरसकट रफार दिला. गुरुजींनी एका कंदापुढे लिहिले होते की तो डोंगरदऱ्यांत उगवतो. रूपांतरात तो ‘डोंगरदर्यांत’ उगवू लागला. डहाणूच्या पश्चिमेला दर्या आहे आणि पूर्वेला दऱ्या. आमच्याकडे ही चूक म्हणजे अख्ख्या तालुक्याची उलथापालथ.

ही चूक हसून दुरुस्त करता आली, कारण ती मराठीत होती. प्रमाण मराठीचा शब्द बिघडला तर शब्दकोश आहे, वाचक आहे. वारली शब्द बिघडला तर? त्याचे दुसरे लिखित रूप कुठे शोधायचे? यंत्राने दिलेला चुकीचा शब्दही तितकाच ठाम दिसतो.

म्हणून आम्ही दोन खिडक्या शेजारी शेजारी ठेवल्या. डावीकडे एम्युलेटरमध्ये पेजमेकरचे जुने पान, उजवीकडे युनिकोडमधली यादी. गुरुजींची नात एकेक शब्द मोठ्याने वाची आणि मी जुन्या पानाशी ताडून पाही. जिथे जुन्या पानावरच माझ्या टायपिंगची चूक वाटे तिथे ती शब्द लिहून घेई आणि रविवारी पाड्यावर जाऊन आपल्या आजीला विचारून येई. हळू चालणाऱ्या त्या आभासी संगणकाचा खरा उपयोग हा झाला. तो कायमचे घर नव्हता. सामान हलवेपर्यंत उतरायची धर्मशाळा होती.

अंक आणि दिवाळी अंक

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली काढलेला ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक मराठीतला पहिला मानला जातो. तो ग्रंथालयात मिळाला तर आजही उघडून वाचता येतो. लागतात ते डोळे आणि उजेड. १९९९ साली जुळवलेल्या एखाद्या अंकाची छापील प्रत नसेल, फक्त फाइल असेल, तर तिला पेजमेकर हवा, त्याला विंडोज हवे, त्याला एक्स८६ हवा, आणि शेवटी तोच फॉण्ट हवा. साखळीतली एक कडी तुटली की अंकांचे नुसते आकडे उरतात.

ज्यांच्या कपाटात अशा सीडी, अशा हार्डडिस्क आहेत त्यांनी जुना संगणक भंगारात देण्याआधी डिस्कची संपूर्ण प्रत काढावी. नुसत्या फाइली नकोत. फॉण्ट आणि प्रोग्रामांसकट सगळी डिस्क हवी. महत्त्वाच्या पानांची पीडीएफ काढावी, म्हणजे रूप राहील. मग मजकूर युनिकोडमध्ये न्यावा, म्हणजे शोधता येईल, पुन्हा छापता येईल. आणि हे काम जुळवणारे आणि लिहिणारे हयात असतानाच करावे. दुभाष्याच्या चुका पकडायला भाषा बोलणारे माणूस लागते.

गुरुजींची यादी आता त्यांच्या नातीकडे आहे, माझ्याकडे आहे आणि कागदावर छापलेल्या दोन प्रतींतही आहे. युनिकोडमध्ये ‘दर्या’तल्या र चा क्रमांक २३५२ आहे आणि ‘दऱ्या’तल्या ऱ चा २३५३. त्या एका अंकाच्या फरकासाठी यादीतला प्रत्येक ‘ऱ्य’ आम्ही दोनदा तपासला. कंद पुन्हा डोंगरात उगवला आहे. अकरा शब्दांपुढे मात्र अजून प्रश्नचिन्ह आहे. आजी म्हणाली, ते कासा बाजूला बोलतात, तिकडे विचारावे लागेल. भात कापून झाला की आम्ही दोघे जाणार आहोत.